मुक्या प्राण्याला विचारावे कसे?



आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यंतरी मोठ्या चिंतेत होते. त्यांची मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झाली आणि पुढे पशूंचे वर्तन व पशूंचे कल्याण ह्या विषयाचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठात जाणार म्हणून हटून बसली. गृहस्थ आम्हांला म्हणाले, "जनावरांची डॉक्टर होते म्हणाली असती, तर ते आम्हांला समजले असते. पण जनावर कसे वागते हे आमच्या गावाकडचा गुराखीसुद्धा सांगतो. आणि मुक्या जनावराला मारू नये हे आम्हांला आईने लहानपणीच शिकवले. मग ह्यात वर्षे घालवून शिकायचे तरी काय?"

प्रश्न रास्त होता, आणि त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हांलाच तोकडे वाटले. आजच्या व्याख्यानाच्या निमित्ताने ते उत्तर थोडे विस्ताराने द्यावे असा विचार आहे.

गृहस्थांच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. जनावर कसे वागते हे त्याच्याजवळ राहणाऱ्याला आपोआप कळते, ही एक. आणि जनावराशी चांगले वागायला मनात दया असली की पुरे, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. तथापि दोन्ही कोठे अपुऱ्या पडतात ते पाहू लागलो, म्हणजे ह्या शास्त्राची गरज आपोआप ध्यानी येते.

प्रथम दयेची गोष्ट घेऊ. पोळा किंवा बेंदूर आला की शेतकरी बैलांना न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, पाठीवर झूल चढवतो आणि पुरणपोळीचा घास भरवतो. ह्या मायेविषयी कोणी शंका घेणार नाही. घास-दोन घासांनी काही बिघडतही नाही. परंतु मायेच्या भरात बैलापुढे पोळ्या, भात आणि पीठ ह्यांची पाटीच ठेवली, तर काय होते? बैलाच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा गवत आणि कडबा सावकाश आंबवून पचवण्यासाठी आहे. त्यात एकाएकी पिठूळ व गोड अन्न पडले, की तेथे आम्ल बेसुमार वाढते, रवंथ थांबते, आणि प्रसंगी जनावर दगावते. सणानंतर अशी जनावरे आपल्या दारी येतात, हे खेड्यांतील पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. भरवणाऱ्याच्या मनात प्रेमच होते. बैलाचे पोट कसे चालते, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

आता जवळ राहिल्याने आपोआप कळते म्हणतात, त्याविषयी. नंदीबैल आपण सर्वांनी पाहिला आहे. "पाऊस येईल का?" असे विचारले की तो मान डोलावतो. त्याला प्रश्न कळत नाही, धन्याची खूण कळते, हे आपण हसत हसत मान्य करतो. पण असाच एक नंदीबैल जर्मनीत निघाला आणि भलेभले फसले. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा होता. बेरीज, वजाबाकी विचारली की तो खूर आपटून अचूक उत्तर देई. १९०४ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने तपासणी केली, आणि ह्यात लबाडी नाही असा निर्वाळा दिला. लबाडी खरोखरच नव्हती. पुढे ऑस्कर प्फुंग्स्ट ह्या अभ्यासकाने एक साधी युक्ती केली. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावले; हान्स चुकू लागला. विचारणारा दिसेनासा केला. हान्स पुन्हा चुकला. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या मानेची, खांद्यांची सूक्ष्म हालचाल होई, आणि घोडा तीवरून थांबे. ही हालचाल आपण करतो आहोत हे खुद्द फॉन ऑस्टेनलाही माहीत नव्हते. वर्षानुवर्षे त्या घोड्याच्या सहवासात राहिलेला माणूस त्याच्याविषयी फसला होता, आणि तो फसला ह्याचे कारण त्याचे प्रेम व त्याची खात्री हेच होते. १९०७ साली प्फुंग्स्टने हे सारे प्रसिद्ध केले. पशुवर्तनाच्या विद्यार्थ्याला आजही आरंभीच्या पाठांत ही कथा सांगतात. तिचा बोध असा, की जनावराकडे पाहताना प्रथम स्वतःवर पहारा ठेवावा.

गंमत अशी, की हान्सला गणित येत नव्हते, तरी माणसाच्या अंगावरील बारीकशी हालचाल वाचण्यात तो त्या तज्ज्ञांपेक्षा हुशार निघाला. म्हणजे परीक्षा नीट घेतली, तेव्हा जनावराचा खरा गुण हाती आला.

मग पाहावे कसे? हॉलंडात जन्मलेले आणि पुढे ऑक्सफर्डला शिकवणारे निको टिंबरगेन ह्यांनी १९६३ साली ह्याचा एक नकाशाच आखून दिला. कोणत्याही वर्तनाविषयी चार निरनिराळे प्रश्न विचारावेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊ नये, असे त्यांचे सांगणे. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. कोंबडा पहाटे का आरवतो? पहिला प्रश्न तात्कालिक कारणाचा. ह्याचे उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दिले. कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, उजाडल्याची खूण मिळू दिली नाही, तरी ते आपल्या वेळेला आरवत राहिले. म्हणजे घड्याळ त्याच्या शरीरातच आहे. दुसरा प्रश्न वाढीचा. पिल्लू आरवत नाही, वयात आलेला कोंबडा आरवतो, हे कसे? १८४९ साली जर्मनीतील बर्टहोल्ड ह्यांनी दाखवले, की कोंबड्याचे वृषण काढले तर तो आरवत नाही, आणि ते शरीरात पुन्हा बसवले तर आरवू लागतो. तिसरा प्रश्न उपयोगाचा. ही जागा माझी आहे, असे तो इतर कोंबड्यांना बजावत असतो. चौथा प्रश्न वंशाचा. आपल्या कोंबडीचा पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, तोही रानात आरवतो. चारही उत्तरे खरी आहेत आणि चारही वेगळी आहेत. गुराख्याला ह्यांतले एखादे उत्तर ठाऊक असते. चार प्रश्न सुटे करणे हे शिक्षणाने येते. टिंबरगेन, लॉरेन्झ आणि मधमाश्यांचे नाच उलगडणारे फॉन फ्रिश ह्या तिघांना १९७३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ह्या शास्त्राची प्रतिष्ठा जगाने मान्य केली.

हे सर्व परदेशांतले, असे कोणी समजू नये. डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परत आले, तेव्हा त्यांना नोकरी उरली नव्हती. अलिबागजवळ किहीमला त्यांच्या कुटुंबाचे घर होते, तेथे ते राहिले, आणि जवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे रोज बसून पाहू लागले. सुगरणीचा खोपा आपण कौतुकाने पाहतो. नावावरून तो मादी विणते अशी आपली समजूत. डॉ. सालिम अलींनी नोंदवले ते असे: खोपा नर विणतो. तो अर्धवट झाला की माद्या येऊन पारखतात. एखादीने पसंत केला तर तो पुरा होतो, आणि ती अंडी घालून बसली की हे महाशय दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतात! १९३१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्याला लागली ती बैठक, वही आणि सबुरी.

दुसरे उदाहरण पुण्याचे. विजेच्या तारेवर बसून माश्या टिपणारा हिरवा वेडा राघू आपल्याला परिचित आहे. 'वेडा' हे त्याला आपण दिलेले विशेषण. गरवारे महाविद्यालयातील प्रा. मिलिंद वाटवे आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी त्याच्या वेडाची परीक्षा घेतली. जमिनीतील बिळात त्याचे घरटे असते, आणि जवळ माणूस उभा असला की तो आत जायला कचरतो. मग माणूस कधी घरट्याचे तोंड दिसेल अशा जागी उभा केला, तर कधी तेवढ्याच अंतरावर पण ते दिसणार नाही अशा जागी. माणसाला घरटे दिसत नसेल, तेव्हा पक्षी अधिक निःशंकपणे आत जात. समोरच्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, ह्याचा काही हिशेब ह्या वेड्या पक्ष्याजवळ आहे असा त्याचा अर्थ. २००२ साली हा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागली नव्हती. लागला तो नेमका प्रश्न.

येथपर्यंत वर्तनाची गोष्ट झाली. कल्याणाचा विषय ह्याला कोठे येऊन मिळाला, ते आता सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात जनावरे पाळण्याची रीत पालटली. कोंबड्या तारेच्या लहान पिंजऱ्यांत हजारोंनी, डुकरिणी अंग वळवता येणार नाही अशा अरुंद गाळ्यांत. १९६४ साली रूथ हॅरिसन ह्या इंग्रज बाईंनी ह्यावर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडात खळबळ उडाली. सरकारने प्राणिशास्त्राचे प्राध्यापक ब्रॅम्बेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ साली तिचा अहवाल आला. जनावराला निदान उठता-बसता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे आणि हातपाय ताणता यावेत, इतके साधे मागणे त्यात होते. केंब्रिजचे वर्तनशास्त्रज्ञ थॉर्प हेही त्या समितीत होते. पुढे १९७९ साली तेथील शासकीय मंडळाने 'पाच मुक्तता' मांडल्या: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना व रोग ह्यांपासून, भय-क्लेशापासून मुक्तता; आणि आपल्या जातीचे स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक.

त्याच ब्रॅम्बेल समितीची एक चूक ह्या शास्त्राला फार उपकारक ठरली. पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी वापरू नये, ती कोंबड्यांच्या पायांना टोचते, अशी शिफारस समितीने केली होती. सज्जन आणि जाणत्या माणसांनी सद्‌हेतूने केलेली ती शिफारस होती. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक ह्या दोघांनी कोंबड्यांनाच विचारायचे ठरवले. निरनिराळ्या जाळ्या शेजारी शेजारी ठेवून कोंबड्या त्यांवर मोकळ्या सोडल्या आणि त्या कोठे उभ्या राहतात ते मोजले. समितीने त्याज्य ठरवलेल्या बारीक जाळीलाच कोंबड्यांनी जाडजूड जाळीपेक्षा अधिक पसंती दिली! बारीक जाळीवर बोटांना अधिक ठिकाणी आधार मिळतो, हे माणसाच्या डोळ्याला सुचले नव्हते.

बंधुभगिनींनो, आमच्या मते ह्या शास्त्राचे मर्म येथे आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणास रेड्याच्या मुखातून वेद वदवले अशी आपली श्रद्धा आहे. ते सामर्थ्य विद्यापीठाजवळ नाही. जनावर आपल्या भाषेत बोलणार नाही, तेव्हा त्याला पायांनी उत्तर देता येईल असा प्रश्न रचणे, एवढेच विद्यापीठाच्या हाती आहे.

अर्थात पायांचे उत्तरही भाबडेपणाने घेऊन चालत नाही. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स ह्यांनी १९७०च्या दशकात कोंबड्यांना पिंजरा आणि मोकळे अंगण ह्यांत निवड करू दिली. जन्म पिंजऱ्यात गेलेल्या कोंबड्या पहिल्यांदा पिंजऱ्याकडेच वळल्या. येथे थांबले असते तर कारखानदार म्हणाला असता, "बघा, त्यांना पिंजराच हवा!" पण अंगणाची थोडी सवय होताच त्याच कोंबड्या अंगणाकडे जाऊ लागल्या. सवयीची ओढ वेगळी आणि खरी आवड वेगळी, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढचा प्रश्न असा, की आवड किती तीव्र? आपण बाजारात एखादी वस्तू 'हवी' म्हणतो आणि भाव ऐकून पुढे जातो. मग जनावरालाही किंमत मोजायला लावावी. जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिंक नावाच्या प्राण्यावर असा प्रयोग केला. हा साधारण मुंगसाच्या अंगलोटाचा, निसर्गात पाण्याकाठी राहणारा प्राणी. कातड्यासाठी त्याला पिंजऱ्यांत पाळतात. त्याला निरनिराळ्या खोल्या दिल्या. एकीत पोहण्याचे टाके, एकीत जादा घरटे, एकीत उंच फळी, एकीत खेळणी. आणि दारांवरचे वजन वाढवत नेले. टाक्याकडे जाण्यासाठी तो सर्वांत अधिक किंमत मोजायला तयार होता. टाके बंद ठेवले, तर त्याच्या शरीरातील ताणाचे द्रव्य अन्न बंद ठेवल्यावर वाढावे तितके वाढले. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. तरी पाण्याची भूक गेली नव्हती.

डुकरांचेही तसेच. एडिंबराला वुड-गश आणि स्टोल्बा ह्या शास्त्रज्ञांनी कारखानदारीतली डुकरे झाडाझुडपांच्या मोकळ्या आवारात सोडली. विण्याची वेळ आली, तशी डुकरीण कळपापासून लांब गेली, तिने जमीन उकरली, काटक्या व गवत आणून घरटे केले. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तीच डुकरीण सिमेंटच्या गाळ्यात विते, तेव्हा काडीसुद्धा नसताना तोंडाने आणि पायांनी घरटे करण्याच्या हालचाली करते. अन्न आहे, औषध आहे, रोग नाही. तरी काहीतरी अडले आहे. पशुवैद्यक आणि पशुकल्याण ह्यांतील फरक विचारणाऱ्यांना आम्ही हे चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगतो. साखळदंडात उभा असलेला हत्ती तासन्‌तास झुलतो आणि मुले म्हणतात, तो नाचतो आहे. पिंजऱ्यातील वाघ त्याच वाटेने येरझारा घालतो आणि आपण म्हणतो, ऐट पाहा. बंदिवासात अशा चाळ्यांनी बहुधा एखादी अडवलेली गरज व्यक्त होते, हे वाचायला शिकवणारा हा अभ्यास आहे.

ह्या उत्तरांचा परिणाम कायद्यावर झाला. युरोपीय संघाने १९९९ साली नियम केला आणि २०१२च्या आरंभापासून कोंबड्यांचे जुने ओकेबोके पिंजरे तेथे बंद झाले. पिंजरा ठेवायचाच तर त्यात अंडी घालण्याचा आडोसा, बसण्याची दांडी आणि उकरण्यास काही हवे, असे ठरले.

आपल्याकडे पांजरपोळांची परंपरा जुनी आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत नेट लावला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा. जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण किती जागा म्हणजे पुरेशी, हे कायदा कसे सांगणार? ते सांगायला कोणीतरी मोजलेले असावे लागते.

बैलगाडा शर्यतीचेच पाहा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती थांबवल्या, तेव्हा निकालात त्या पाच मुक्ततांचाही आधार घेतला. नंतर राज्याने कायदा दुरुस्त केला आणि २०२३ साली घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ह्या सर्व काळात एक पक्ष म्हणे, बैल आनंदाने धावतो. दुसरा म्हणे, भयाने धावतो. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, बैल का धावतो ह्याचे उत्तर घोषणांनी मिळत नाही. कान, डोळा, श्वास, शर्यतीपूर्वी व नंतर रक्तातील ताण, मोकळा सोडला असता तो कोणीकडे जातो, हे पाहणारी शिकलेली माणसे दोन्ही पक्षांना हवी आहेत.

आता गृहस्थांच्या कन्येला तेथे शिकायचे काय, ते सांगतो. केंब्रिजला १९८६ साली डोनाल्ड ब्रूम हे पशुकल्याणाचे जगातील पहिले प्राध्यापक झाले. एडिंबरा विद्यापीठात १९९० साली ह्या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सुरू झाली. आपल्याकडे परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे; नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली झाले. अशा अभ्यासात प्रथम वर्तनाची सूची करायला शिकवतात. 'गाय उदास आहे' असे लिहायचे नाही. 'मान खाली, कान मागे, रवंथ नाही, अमुक मिनिटे' असे लिहायचे. मग कोणाकडे, किती वेळाने, किती वेळ पाहायचे ह्याचे नियम येतात. दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात का, हे तपासायचे. शरीरशास्त्र येते, संख्याशास्त्र येते, आणि नीतिशास्त्र व कायदाही येतो. कारण जनावराला काय वाटते हे शास्त्र सांगेल, पण माणसाने त्यापायी किती सोसावे हे ठरवणे शास्त्राचे काम नव्हे. प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयी रसेल आणि बर्च ह्यांनी १९५९ साली घालून दिलेला दंडकही ती शिकेल: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राणी कमीत कमी घ्यावेत, आणि यातना कमीत कमी व्हाव्यात.

एक आक्षेप नेहमी येतो. माणसांना पोटभर मिळत नाही तेथे कोंबडीच्या अंगणाची चिंता कशाला? आमचे उत्तर असे, की आपल्या देशात गरिबाची पुंजी बहुधा त्याच्या दावणीलाच बांधलेली असते. भेदरलेली गाय पान्हा चोरते, हे कोणत्याही गवळ्याला विचारा. जनावराचे सुख आणि त्याच्या धन्याचे हित ही पुष्कळदा एकाच गोठ्यात असतात. जेथे नसतात, तेथे निदान आपण कोणाकडून काय घेतो आहोत, हे जाणून घ्यावे. न जाणता घेणे अधिक सोपे असते, म्हणूनच ते अधिक घडते.

नोकरीविषयी खोटी आशा दाखवणार नाही. ह्या नावाच्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. प्राणिसंग्रहालये, प्रयोगशाळा, दुग्धशाळा, वन्यजीवांचे काम, अध्यापन अशा वाटा आहेत. त्या शोधाव्या लागतात, काही पाडाव्या लागतात.

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी एकच सुचवले. मुलीला आठ दिवस एक वही द्या. खिडकीसमोरच्या तारेवरचा एक पक्षी किंवा गल्लीतले एक कुत्रे तिने रोज ठरावीक तासभर पाहावे आणि दिसेल तेवढेच लिहावे, वाटेल ते लिहू नये. आठव्या दिवशी तिची वही भरलेली असेल आणि तिचे प्रश्न वाढलेले असतील, तर तिला अडवू नका. आणि जमल्यास त्या आठ दिवसांत तुम्हीही तिच्या शेजारी बसा.

एवढे सांगून आमचे व्याख्यान पुरे करतो.